फुगणारी, पण न ताणणारी पिशवी

परासरणाचा धडा शिकवताना आपण मनुका किंवा जर्दाळू वर्गात नेतो. साध्या पाण्यात टाकले की ते फुगतात, साखरेच्या घट्ट पाकात टाकले की आकसतात. मग फळ्यावर समपरासारी, अवपरासारी, अतिपरासारी असे तीन शब्द लिहिले जातात आणि मुले ते पाठ करतात. अशा वेळी एखादी चौकस मुलगी विचारते, ‘‘दवाखान्यात सलाइन लावतात त्यात मीठ कशाला? नुसतेच शुद्ध पाणी शिरेतून का देत नाहीत?’’ आपण उत्तर देतो, ‘‘रक्तातल्या पेशी फुटतील.’’ उत्तर बरोबर आहे. पण त्यावर तिने विचारले, ‘‘मनुका तर फुटत नाही, मग पेशीच का फुटते?’’ तर पाठ्यपुस्तकात त्याचे उत्तर सापडत नाही.

पेशीचे आवरण किती पाणी सामावून घेऊ शकते, ते कोठे हार मानते आणि हार मानल्यावर नेमके काय होते, हे प्रश्न प्रत्यक्ष पेशीवर सोडवणे अवघड असते. पेशीत प्रथिने असतात, सांगाडा असतो, आयन आत-बाहेर करणारे पंप असतात. म्हणून हे सारे वगळून फक्त आवरण शिल्लक ठेवलेली एक नमुना-पेशी शास्त्रज्ञांनी वापरात आणली. फॉस्फोलिपिडांच्या पटलाची ही बंद पिशवी, म्हणजेच लिपिड पुटिका.

ही पिशवी तयार करावी लागत नाही, ती स्वतःच तयार होते. फॉस्फोलिपिडाच्या रेणूला पाण्याची आवड असलेले डोके आणि पाणी टाळणाऱ्या दोन शेपट्या असतात. अंड्याच्या बलकात किंवा सोयाबीनमध्ये सापडणारे लेसिथिन हे त्याचे ओळखीचे उदाहरण. असे रेणू पाण्यात पडले की शेपट्या आत आणि डोकी बाहेर, असा दोन थरांचा पडदा बनतो. त्याची जाडी असते अवघी चार-पाच नॅनोमीटर, म्हणजे मीटरचे चार-पाच अब्जांश भाग. पडद्याच्या उघड्या कडेला शेपट्या पाण्यासमोर येतात. ते टाळण्यासाठी पडदा स्वतःला मिटून घेतो आणि त्याची पिशवी होते. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ बॅब्राहम येथे काम करणारे अ‍ॅलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हॉर्न या सहकाऱ्याबरोबर लेसिथिन पाण्यात मिसळून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यांना अशा कांद्यासारख्या पापुद्र्यांच्या पिशव्या दिसल्या. आत कोंडलेले आयन सहजासहजी बाहेर पडत नाहीत, म्हणजे या पिशव्या खरोखरच बंद आहेत, हे त्यांनी सहकाऱ्यांसह १९६५ साली दाखवले. पुढे त्यांना ‘लायपोसोम’ हे नाव मिळाले. काही दिवस सहकारी गमतीने त्यांना ‘बँगहोसोम’ म्हणत असत!

आता परासरणाकडे वळू. परासरण होण्यासाठी पटलातून पाणी जायला हवे आणि विरघळलेला पदार्थ अडायला हवा. मेदाच्या पडद्यातून पाणी जाते हेच मुळात नवलाचे वाटते, कारण तेल आणि पाणी यांचे वैर आपल्याला माहीत आहे. पण पडदा अतिशय पातळ आणि पाण्याचा रेणू लहान व विद्युतभाररहित असल्यामुळे पाणी बऱ्यापैकी वेगाने पार होते. साखर त्या मानाने लाखो पटींनी हळू जाते आणि सोडियमचा आयन तर अब्ज पटींनी किंवा त्याहूनही हळू. म्हणून काही मिनिटांच्या प्रयोगात साखर आणि मीठ अडलेलेच आहे असे समजायला हरकत नाही. युरिया आणि ग्लिसरॉल मध्ये कोठेतरी बसतात. लायपोसोम ग्लिसरॉलच्या द्रावणात टाकले तर ते आधी आकसतात आणि मग ग्लिसरॉल हळूहळू आत शिरेल तसतसे पुन्हा फुगतात. एखादे द्रावण ‘समपरासारी’ आहे की नाही हे फक्त त्याच्या संहतीवर ठरत नाही, विरघळलेला पदार्थ त्या पटलातून जातो की नाही यावरही ठरते. ही गोष्ट आपल्या धड्यात बहुधा निसटते. युरियाचे द्रावण रक्तद्रवाइतक्याच संहतीचे केले, तरी तांबड्या पेशी त्यात फुटतात!

दुधाची पिशवी

फुटण्याचे रहस्य पडद्याच्या एका विचित्र गुणधर्मात आहे. हा पडदा कसाही वाकतो, दुमडतो, पण ताणला मात्र जात नाही. रबरी फुग्याचे क्षेत्रफळ कित्येक पटींनी वाढते. लिपिडांच्या पडद्याचे क्षेत्रफळ शेकडा तीन ते पाच इतकेच वाढू शकते. त्यापुढे रेणू एकमेकांपासून इतके दूर जातात की मध्ये पाणी घुसते आणि भोक पडते. साबणाचा फुगा हेही इथे योग्य उदाहरण नाही. त्याच्या दोन थरांमध्ये पाण्याचा आणि साबणाचा साठा असतो, तो पातळ होत होत फुगा वाढतो. पुटिकेच्या पडद्यापाशी असा साठा नसतो. जितके रेणू आहेत तितक्यातच भागवायचे असते.

वर्गात दाखवण्यासाठी दुधाची रिकामी प्लास्टिकची पिशवी उत्तम. तिच्यात अर्धे पाणी भरून तोंड घट्ट बांधा. ती हवी तशी दाबता येते, तिला कोणताही आकार देता येतो. हळूहळू पाणी वाढवत नेले की एका क्षणी ती टणक होते. प्लास्टिक तेच आहे, क्षेत्रफळ तेच आहे, फक्त आता त्या क्षेत्रफळात मावणारे पाणी संपले. त्यानंतर थोडे जरी पाणी जोराने भरले तरी शिवण उसवते.

पुटिकेचे अगदी असेच आहे. तिचा पडदा किती दाब पेलतो याचा हिशेब नववी-दहावीच्या मुलांनाही जमेल. एक मीटर रुंदीची पडद्याची पट्टी कल्पनेने घेतली, तर ती जेमतेम एका ग्रॅमचे वजन पेलेल (शास्त्रीय भाषेत मीटरला सुमारे १० मिलिन्यूटन). गोल पिशवीच्या पडद्यातील ताण हा आतील जादा दाब गुणिले त्रिज्या भागिले दोन इतका असतो. १० मायक्रोमीटर त्रिज्येच्या पुटिकेसाठी आकडे घालून पाहिले की फुटण्याच्या क्षणीचा जादा दाब येतो सुमारे २००० पास्कल, म्हणजे २० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब. जेमतेम वीतभर पाणी!

याच्या शेजारी परासरणाचा दाब ठेवून पाहू. व्हान्ट हॉफ यांच्या नियमानुसार हा दाब म्हणजे कणांची संहती गुणिले वायूचा स्थिरांक गुणिले केवल तापमान. (रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली त्यांनाच मिळाले.) सलाइनमध्ये शेकडा ०.९ मीठ असते. शरीराच्या तापमानाला या द्रावणाचा साध्या पाण्याच्या तुलनेत परासरण दाब सुमारे साडेसात वातावरण दाबाइतका येतो, म्हणजे ७५ मीटर उंच पाण्याचा स्तंभ. एकीकडे वीतभर, दुसरीकडे ७५ मीटर. चौकस मुलीच्या प्रश्नाचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. २००० पास्कलसाठी किती साखर पुरते तेही काढता येते. एक लिटर पाण्यात पाव ग्रॅमहून जराशी जास्त, म्हणजे एक चिमूट.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. पडद्याला दाब पेलताच येत नसल्यामुळे आतली आणि बाहेरची संहती जवळजवळ सारखी होईपर्यंत पुटिकेला आपले आकारमान बदलत राहावे लागते. बाहेरचे द्रावण अधिक तीव्र असेल तर पाणी सोडून आकसायचे, हे नेहमीच शक्य असते. बाहेरचे द्रावण विरळ असेल तर पाणी घेऊन फुगायचे, पण पुटिका आधीच गोल असेल तर क्षेत्रफळातील चार टक्के वाढ म्हणजे आकारमानातील सहा टक्के वाढ, इतकीच सवलत. आत साखर २०० एकक आणि बाहेर १९० असेल तर निभावून जाते. बाहेर १८० असेल तर आकारमान ११ टक्क्यांनी वाढायला हवे. ते शक्य नाही.

वनस्पतीची पेशी या संकटातून सेल्युलोजच्या भिंतीमुळे सुटते. भिंत दाब पेलते, पडदा फक्त तिला टेकून बसतो. ऱ्हिओच्या पानाची जांभळी साल मिठाच्या पाण्यात ठेवून आपण रससंकोच दाखवतो, तेव्हा भिंत जागच्या जागी राहते आणि आत आकसतो तो हाच पडदा.

त्रिज्येचा परिणाम मात्र विसरू नये. त्याच पडद्याची १०० नॅनोमीटर व्यासाची पुटिका घेतली तर त्रिज्या दोनशे पटींनी लहान, म्हणून पेलला जाणारा दाब दोनशे पटींनी मोठा, सुमारे चार वातावरण दाब. सायकलच्या अरुंद टायरमध्ये ट्रॅक्टरच्या टायरपेक्षा जास्त दाबाची हवा भरता येते, तोच हा प्रकार.

फुटते आणि पुन्हा मिटते

फुटल्यावर पुटिका संपते का? फुगा फुटला की चिंधड्या होतात. पुटिकेचे तसे होत नाही. पडद्यात एक भोक पडते, त्यातून आतले द्रावण पिचकारीसारखे बाहेर उडते, ताण उतरतो आणि भोकाच्या कडेला उघड्या पडलेल्या शेपट्या पाणी टाळण्यासाठी भोक पुन्हा बंद करतात. सारा खेळ सेकंदाच्या अंशात उरकतो. पण आत अजून साखर शिल्लक आहे, बाहेर पाणी आहे. म्हणून पुन्हा फुगणे, पुन्हा फुटणे, पुन्हा मिटणे. कामिला ओग्लेंका, अतुल पारीख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली हे चक्र सूक्ष्मदर्शकाखाली तपशिलाने नोंदवले. त्यांच्या पुटिका वेगवेगळी लिपिडे आणि कोलेस्टेरॉल मिसळून केलेल्या होत्या. फुगून ताण आला की पडद्यावर वेगवेगळ्या लिपिडांचे ठिपके उमटत आणि भोक पडून ताण उतरला की ते विरून जात. एखादा प्राणी श्वास घेत असावा तशी ही निर्जीव पिशवी धडधडत राहते.

दर फेरीला सहा टक्के माल बाहेर गेला असे ढोबळ मानाने धरले, तर आतली साखर निम्मी व्हायला अकरा-बारा फेऱ्या लागतील. फरक जसजसा कमी होतो तसतसे पाणी सावकाश येते आणि दोन पिचकाऱ्यांमधील वेळ वाढत जातो. चक्रवाढीचे गणित शिकवणाऱ्या शिक्षकांनी हे उदाहरण अवश्य वापरून पाहावे.

आकसण्याच्या बाजूला फुटण्याइतकी नाट्यमयता नसली तरी सौंदर्य अधिक आहे. पाणी गेले, पण क्षेत्रफळ तेवढेच राहिले. ठरावीक क्षेत्रफळात सर्वांत जास्त आकारमान गोलाचे असते, म्हणून आकारमान कमी झाले की गोल राहणे शक्यच नाही. मग कोणता आकार घ्यायचा? वोल्फगांग हेलफ्रिश यांनी १९७३ साली मांडलेल्या विचारानुसार ज्या आकारात पडदा वाकवायला सर्वांत कमी ऊर्जा लागेल तो. गणित करून पाहिले असता, मूळ गोलाच्या आकारमानापैकी ०.६५ भाग उरेपर्यंत लांबट आकार येतो, ०.६५ ते ०.५९ या टप्प्यात दोन्ही बाजूंनी खोलगट चकती, आणि त्याहून कमी झाले की वाटीसारखा आकार.

आपल्या तांबड्या रक्तपेशीचे पृष्ठफळ सुमारे १३५ चौरस मायक्रोमीटर आणि आकारमान ९० घन मायक्रोमीटर असते. १३५ पृष्ठफळाच्या गोलात १४७ मावले असते. ९० भागिले १४७ म्हणजे ०.६१, नेमके चकतीच्या टप्प्यात! तांबड्या पेशीला आतून प्रथिनांच्या जाळीचा आधार असतो, त्यामुळे सारे श्रेय वाकण्याच्या ऊर्जेला देणे बरोबर होणार नाही. तरीही हा मेळ पाहून आम्हाला तरी आनंद होतो.

चकती असण्याचा फायदा असा की तांबड्या पेशीजवळ फुगायला ऐसपैस जागा असते. ९० पासून १४७ पर्यंत, म्हणजे १.६ पट. पेशीत सुमारे ७० टक्के पाणी असते आणि तेवढाच भाग परासरणाला प्रतिसाद देतो असे धरून, मिठाचे पाणी किती विरळ झाल्यावर ही मर्यादा गाठली जाईल ते काढा. उत्तर ०.४८ टक्क्यांच्या आसपास येईल. प्रयोगशाळेत निरोगी माणसाच्या पेशी ०.५ ते ०.४५ टक्क्यांच्या दरम्यान फुटू लागतात. इतक्या साध्या गणिताला इतके चांगले उत्तर क्वचितच मिळते. उंटाच्या पेशी मात्र मूळच्या २४० टक्क्यांपर्यंत फुगून तग धरतात असे नोंदले गेले आहे. अनेक दिवसांनी एकदम भरपूर पाणी पिणाऱ्या प्राण्याला ते सोयीचेच.

एक परीक्षानळी, एक काळी रेघ

या गणिताचा आपल्या देशात थेट उपयोग होतो. थॅलसेमियाच्या वाहक व्यक्तींच्या, म्हणजे ज्याला थॅलसेमिया मायनर म्हणतात त्यांच्या, तांबड्या पेशी लहान असतात. त्यांचे आकारमान जितके घटलेले असते तितके पृष्ठफळ घटलेले नसते. आपल्या भाषेत, त्यांची दुधाची पिशवी जास्त रिकामी असते. म्हणून ती फुटायला जास्त पाणी आत जावे लागते.

‘नेस्ट्रॉफ्ट’ या नावाने ओळखली जाणारी चाचणी यावरच आधारलेली आहे. एका परीक्षानळीत ०.३६ टक्के मिठाचे (आम्लता स्थिर ठेवलेले) द्रावण घेऊन त्यात रक्ताचा एक थेंब टाकतात आणि काही वेळाने नळीमागे काळी रेघ ओढलेला पांढरा कागद धरतात. पेशी सर्वसाधारण असतील तर त्या फुटून द्रावण पारदर्शक लाल होते आणि रेघ स्पष्ट दिसते. पेशी वाहकाच्या असतील तर त्यांतील बऱ्याचशा शाबूत राहतात, द्रावण गढूळ दिसते आणि रेघ पुसट होते किंवा दिसतच नाही. महागडे यंत्र नको, वीज नको. लोहाच्या कमतरतेमुळेही पेशी लहान होतात, म्हणून रेघ पुसट दिसली की लगेच निदान करत नाहीत. हिमोग्लोबिन ए-२ चे प्रमाण मोजून खात्री करून घेतात.

ही खात्री का हवी? भारतात शंभरात तीन-चार जण वाहक असावेत असा अंदाज दिला जातो आणि काही समाजांत हे प्रमाण अधिक आहे. वाहक व्यक्ती एरवी धडधाकट असते, तिला स्वतःला पत्ताही नसतो. पण पती आणि पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल थॅलसेमिया मेजरचे असण्याची शक्यता चारात एक. अशा मुलाला काही महिन्यांच्या वयापासून नियमित रक्त भरावे लागते आणि रक्ताबरोबर साठणारे लोह काढण्यासाठी औषधे घ्यावी लागतात. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना आनुवंशिकता शिकवताना वाटाण्याच्या जोडीला ही नळीही सांगावी असे आम्हाला वाटते. मात्र वर्गात मुलांचे रक्त काढण्याचा प्रयोग कोणीही करू नये. त्यासाठी दवाखाने आहेत, आणि कोण वाहक आहे ही ज्याची त्याची खासगी बाब आहे.

लिपिड पुटिकांचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले ते २०२१ साली. करोनानंतरच्या म्युकरमायकोसिससाठी लायपोसोमल अँफोटेरिसिन हे इंजेक्शन मिळवायला लोक वणवण फिरत होते. त्यात औषध पिशवीच्या पडद्यातच रुतलेले असते. अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळालेल्या डॉक्सिल या कर्करोगावरील औषधाची रचना वेगळी आहे आणि आपल्या विषयाला अधिक जवळची. तिथे औषध पिशवीच्या पोटात भरायचे असते. विरघळलेल्या रूपात ते ठासून भरले तर आतल्या कणांची संख्या वाढेल आणि पाणी आत येऊ पाहील. म्हणून पुटिकेत आधी अमोनियम सल्फेटचे द्रावण ठेवतात. आत शिरलेले औषध सल्फेटबरोबर घनरूपात बसते, आणि घन कण परासरणाच्या हिशेबात धरले जात नाहीत.

सजीवांनी मात्र पडदा बळकट करण्यापेक्षा त्यात दारे बसवण्याचा मार्ग धरलेला दिसतो. मातीतला किंवा डबक्यातला जीवाणू पहिल्या पावसाच्या सरीत एकदम गोड्या पाण्यात सापडतो. त्याच्या पडद्यात एक प्रथिन असते, ते ताणावर उघडते. १९९४ साली त्याचे जनुक ओळखले गेले. हे प्रथिन नुसत्या लिपिड पुटिकेत बसवले तरी काम करते, म्हणजे त्याला दुसऱ्या कोणाचा निरोप लागत नाही, पडद्याचा ताण हाच निरोप. पडदा फाटण्याच्या बेताला आला की सुमारे तीन नॅनोमीटरचे भोक उघडते, आयन आणि छोटे रेणू बाहेर जातात आणि भोक मिटते. प्रेशर कुकरची शिट्टीच म्हणा ना! अशी दारे काढून टाकलेले जीवाणू अचानक विरळ पाण्यात टाकले असता मरतात, हे १९९९ साली दिसून आले. पाण्यासाठी वेगळी दारे असतात. ती ओळखली गेली तीही फुटण्यामुळेच. बेडकाच्या अंडपेशीच्या पडद्यातून पाणी फार सावकाश जाते. पीटर अ‍ॅग्र यांच्या गटाने १९९२ साली तिच्यात एका प्रथिनाचा संदेश टोचला आणि तिला विरळ पाण्यात ठेवले. काही मिनिटांत ती फुगून फुटली. त्या प्रथिनाला पुढे ॲक्वापोरिन म्हणू लागले आणि अ‍ॅग्र यांना २००३ चे नोबेल मिळाले.

पण पंप आणि दारे अस्तित्वात येण्यापूर्वीच्या अगदी पहिल्या पेशींचे काय? आयरीन चेन, रिचर्ड रॉबर्ट्स आणि जॅक शोस्टाक यांनी २००४ साली याबाबत एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी फॉस्फोलिपिडांऐवजी साध्या मेदाम्लांच्या पुटिका घेतल्या, कारण आरंभीच्या पृथ्वीवर मेदाम्ले असणे अधिक संभवनीय. काही पुटिकांत आरएनए कोंडले, काही रिकाम्या ठेवल्या. आरएनए आणि त्याच्यासोबतचे आयन यांमुळे पहिल्या प्रकारच्या पुटिका परासरणाने फुगून ताणलेल्या होत्या, दुसऱ्या सैल होत्या. दोन्ही एकत्र मिसळल्यावर ताणलेल्या पुटिका मोठ्या होऊ लागल्या आणि सैल पुटिका लहान. मेदाम्लाचे रेणू पडद्यातून सुटतात, पाण्यात हिंडतात आणि पुन्हा एखाद्या पडद्यात शिरतात. ताणलेल्या पडद्यात शिरणे त्यांना ऊर्जेच्या दृष्टीने फायद्याचे, म्हणून रेणू सैल पडद्यांकडून ताणलेल्यांकडे गेले. पोटात जास्त आरएनए असलेली पुटिका शेजारणीचे आवरण पळवून वाढते, असा याचा अर्थ. जनुकीय रेणू जास्त बनवणाऱ्या पुटिकेला स्पर्धेत फायदा मिळण्यासाठी अजून कोणतेही विकर किंवा प्रथिन लागले नव्हते. आजच्या पेशींत हे घडत नाही, कारण फॉस्फोलिपिडाचा दोन शेपट्यांचा रेणू पडदा सोडून पाण्यात फारच क्वचित उतरतो.